मढमधले तीन महिने आणि आजोबांची पाऊणकी

अकोल्याहून निघताना आई म्हणाली होती, "परमुलखात चाललीस, जपून राहा." मुंबईला परमुलूख कसं म्हणायचं, असं तेव्हा वाटलं. पण वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, जेट्टीवर दोन बॅगा घेऊन उभी राहिले, समोर खाडी, कानावर अर्धीच कळणारी कोळी मराठी, आणि खोली होती पलीकडच्या काठावर. आईचा शब्द तेव्हा पटला. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली होती. मैत्रिणीच्या ओळखीने मढ गावात खोली मिळाली आणि नोव्हेंबर ते जानेवारी मी तिथे राहिले. माझ्यासारखं समुद्रापासून लांब वाढलेलं कुणी तिकडे महिना-दोन महिने राहायचा विचार करत असेल, तर त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

पोचायचं कसं ते आधी सांगते. घाटकोपर किंवा अंधेरीहून मेट्रोने वर्सोवा स्टेशन, तिथून रिक्षाने जेट्टी, पुढे फेरीबोट. पाण्यावरचा प्रवास काही मिनिटांचाच. बोटीत स्कूटर, भाजीच्या पाट्या, शाळेची मुलं सगळं एकत्र चढतं. सुटे पैसे जवळ ठेवा आणि परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते जातानाच विचारून घ्या. सामान जास्त असेल तर मालाड पश्चिमेहून मार्वे रस्त्याने यावं. २७१ नंबरची बेस्ट बस थेट मढ जेट्टीपर्यंत येते, पण रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात बोटीचा भरवसा धरू नका.

पहिल्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर होड्या पाण्यावर डुलत होत्या. दुपारी जेवून पुन्हा पाहिलं तर पाणी गायब, नुसता चिखल, आणि त्याच होड्या कुशीवर निजलेल्या. भरती-ओहोटी मी भूगोलाच्या पुस्तकात वाचली होती. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवसातून दोनदा अशी घडते, हे मात्र ठाऊक नव्हतं. आठवडाभर मी मोबाइलवर भरतीच्या वेळा शोधत राहिले. शेजारच्या मावशी ते बघत होत्या. एकदा त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. "तिथी बघ नि तिची पाऊणपट कर. झाली तुझी भरती."

माझ्या आजोबांनी आम्हा भावंडांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, पाठ करून घेतली होती. रोज संध्याकाळी, दिवा लागल्यावर. पाऊणकीचा पुढे कधी उपयोग झाला नाही. आणि इथे ती समुद्राची वेळ सांगत होती. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. मी मोबाइलशी ताडून पाहिलं, फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. यामागचं कारणही सरळ आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. त्या रात्री मी आईला फोन करून हे सांगितलं. आजोबांना सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

त्यानंतर माझा दिवस घड्याळाइतकाच तिथीवर चालू लागला. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. इथली डोल जाळी समुद्रात एका जागी बांधलेली असतात आणि भरती-ओहोटीच्या ओढीनेच बोंबील, जवळा त्यांत शिरतो. भांगात ओढ मंदावते, मासळी कमी येते. मासळी घ्यायची तर उधाणाच्या दिवसांत घ्या. ती वजनावर नाही, वाट्यावर मिळते, म्हणजे समोर लावलेल्या ढिगावर. "वाटा केवढ्याला?" एवढं विचारायला शिकलात की पुरे. घासाघीस थोडी करा, फार नको. ती आणायला रात्री समुद्रावर जावं लागतं, आणि तिथे काय थंडी असते ते मी एकदा पहाटे जेट्टीवर उभी राहून अनुभवलं आहे. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताजी मासळी आणि बोंबलांची वाळवण दोन्ही बघायचं तर हिवाळ्यातच या.

उधाणाच्या दिवसांत आणखी एक लाभ होतो. भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी. ऑफिसच्या आधी आणि नंतर, अगदी सोयीच्या वेळी, एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. चांगली पकड असलेले बूट घाला, खडकांवर शेवाळ असतं. वाकून, पाच मिनिटं न हलता बघत राहा. शंख चालू लागला की समजावं, आत साधू खेकडा आहे. डबक्यात फुलासारखं दिसणारं समुद्रफूल असतं. तो प्राणी आहे, बोट लावू नका. आणि ओल्या वाळूवर बुंदी पाडावी तशा बारीक गोळ्यांची नक्षी दिसते. इवलासा खेकडा वाळू तोंडात घालून त्यातलं अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला ठेवतो. भरती आली की सगळी नक्षी पुसून जाते, ओहोटीला तो पुन्हा मांडतो. कुणी जाणतं सोबत हवं असेल तर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा २०१७ साली सुरू झालेला गट जुहू, गिरगाव अशा किनाऱ्यांवर लोकांना ओहोटीच्या वेळी फिरवून हे जीव दाखवत आला आहे. मुंबईकर मैत्रिणींनाही यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते.

बोंबलाच्या वासाची धास्ती बाळगू नका, पण खोली घेताना दिशा बघा. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे नाकाला कळतात. सकाळपर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. दुपारनंतर तो फिरतो आणि वलांडीवरच्या बोंबलांचा वास घरात येतो. वलांडी म्हणजे बांबूंचा उंच मांडव. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्यावर टांगतात. मी कपडे सकाळी वाळत घालून दुपारच्या आत काढायला शिकले. तिसऱ्या आठवड्यात वास जाणवेनासा झाला. वलांड्यांमध्ये फिरताना विचारून फोटो काढा आणि पसरलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका. ती कुणाची तरी कामाची जागा आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी जवळच्या एरंगळला सेंट बोनाव्हेंचर चर्चची जत्रा भरते. समुद्राला लागून असलेलं हे चर्च पोर्तुगीज काळातलं. मी गेले तेव्हा मावशी आणि त्यांच्या सुनाही मेणबत्त्या घेऊन सोबत होत्या. इथे कोळी, ख्रिस्ती, सगळेच येतात. तिथे भेटलेल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, आजींशी मी अर्धा तास मराठीत बोलले. त्यांची मराठी माझ्यापेक्षा वेगळी, पण एक शब्द अडला नाही. या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली घेतलं. आजींनी फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, खाऊ घातले आणि बाटली मसाला कसा करतात ते सांगितलं. उन्हाळ्यात मसाले वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणजे वर्षभर टिकतो. जत्रेला बस किंवा रिक्षाने सकाळी लवकर जा, स्वतःची गाडी नेऊ नका.

मढचा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. आता तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, बाहेरूनच बघावा लागतो.

आक्शाच्या किनाऱ्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. तिथे पाण्यात उतरू नका. वर शांत दिसतं, खाली ओढ जबर आहे, आणि तिथे पोहायला गेलेली कितीतरी माणसं बुडाली आहेत. जीवरक्षक मागे या म्हणाले की मागे यायचं, वाद घालायचा नाही.

घरातलं थोडं. खारी हवा कशालाच सोडत नाही. मिठाच्या डब्यात तांदळाचे दाणे टाका, काडेपेटी घट्ट डब्यात ठेवा, कुलपात आणि सायकलच्या साखळीला दर आठवड्याला तेल घाला. माझी चांगली कात्री महिन्याभरात गंजली. पापड तळला की लगेच खायचा.

निघायच्या दिवशी षष्ठी होती. सहा पाऊण साडेचार. संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस गाठायची, म्हणून दुपारीच बोट धरली. पाणी चढत होतं, बॅगा उचलायला त्रास झाला नाही. मावशींनी जेट्टीवर येऊन सुक्या बोंबलांचा पुडा हातात दिला आणि भाजून कांद्याबरोबर कसे करायचे ते तिसऱ्यांदा समजावलं. तुम्हीही सुके बोंबील नेणार असाल तर वर्तमानपत्रात गुंडाळा, मग दोन पिशव्या, आणि मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. रात्रभराच्या प्रवासात शेजारच्या बर्थवर कुणालाही वास आला नाही.