पट्टी कुठली मारू?

"मॅडम, पट्टी कुठली मारू?"

प्रदर्शन आठ दिवसांवर आलं की हा प्रश्न ठरलेला. दुपारी फ्रेमवाल्याकडे गर्दी नसते, म्हणून जेवण उरकून, चित्रांचं बाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मी जाते. तरी माझ्या आधीचे मानकरी तिथे असतातच. अंबाबाईचा फोटो, कुणाचं तरी सेवानिवृत्तीचं मानपत्र. आज फेटेवाले एक आजोबा होते, आधारकार्डावरच्या फोटोवरून मोठे केलेले, त्यामुळे जरा धूसर. त्यांचं काम तातडीचं, तेरावा परवावर आलेला. माझा रंकाळा काय, थांबू शकतो.

फ्रेमवाला चित्र बघत नाही असं नाही, पण आधी टेप लावतो. आम्ही ज्याला हाफ इम्पीरियल म्हणतो तो कागद त्याच्या लेखी 'पंधरा-बावीस', म्हणजे इंच. संध्याकाळचा रंकाळा, पन्हाळ्यावरचं धुकं, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या म्हशी, सगळं पंधरा-बावीस. "तुमचे चार आडवे झालेत, उभ्याला काच कापायचीय," एवढंच फोनवर कळतं. पट्टीचं मात्र त्याला मनापासून पडलेलं असतं. त्याचा जीव सोनेरी नक्षीत, माझा साध्या सागवानी रंगात. दर वेळी तो नक्षीचा एक तुकडा चित्राच्या कोपऱ्याला लावून दाखवतो आणि मी मान हलवली की आजोबांना लावतो. आजोबांना शोभतो, हे कबूल करायला पाहिजे.

मग ती क्रिया सुरू होते. काच वर्तमानपत्रानं पुसायची, माउंट म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा बसवायचा, मागे हार्डबोर्ड, सगळं पालथं घालून कडेनं बारीक चुका ठोकायच्या, वरून खाकी टेप. परवा सुलटं केल्यावर पन्हाळ्याच्या आभाळात एक चिलट निघालं. काचेच्या आत, पंख पसरून, अगदी नेमक्या जागी.

"ऱ्हाऊ दे की मॅडम, घार दिसतीया."

खरंच दिसत होती. तरी मी उघडायला लावलं, आणि चुका उपसताना तो जे पुटपुटला ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

खरी अडचण चिलटाची नाही, माझी आहे. पहिली चूक ठोकली गेली की मला त्या चित्रात काहीतरी करावंसं वाटतं. महिनाभर भिंतीला टेकून असतं तेव्हा काही सुचत नाही. हातोडी वाजली की दिसतं, झाडाखालची सावली अजून एक हात गार हवी होती. पूर्वी मी पर्समध्ये ब्रश ठेवत असे. एकदा त्याच्या चहाच्या ग्लासात पाणी घेऊन दुकानातच बसले, तेव्हापासून तो माझी चित्रं शक्यतो मी गेल्यावर ठोकतो.

ही खोड चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेपासूनची. स्थिरचित्राला तांब्याचा तांब्या, घडीचा हिरवा कपडा आणि दोन वांगी मांडली होती. तांब्याच्या पोटावरची चकाकी मी कोरी राखली होती, कारण जलरंगात पांढरं म्हणजे कागदच. एकदा गेला की गेला. सरांनी वर्षभर तेवढंच घोकून घेतलेलं. चकाकी छान उतरली. मग उरलेल्या वेळात मी वांग्यांच्या मागे लागले. एकाला जांभळा चढवला, दुसरं फिकं वाटायला लागलं. त्याला चढवला, तर पहिलं. वर्गात ओल्या कागदांचा आणि पोरींच्या डब्यातल्या लसूणचटणीचा वास. घंटा झाली, पर्यवेक्षक बाई रांगेतून कागद गोळा करत आल्या, मी "एकच मिनिट बाई" म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला. ब्रश हातातच. वांग्यापासून कागदाच्या कडेपर्यंत जांभळी रेघ. बी ग्रेड मिळाली. ती त्या रेघेसकट मिळाली की रेघेमुळे, यावर आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला.

आमच्या कोल्हापुरातले थोर जलरंगवाले आबालाल रहिमान. 1922 साली शाहू महाराज गेले तेव्हा दुःखानं त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असं इथे सांगतात. लहानपणी ते ऐकून मला रडू यायचं. आता रडू येतंच, शिवाय ती सगळी बिनफ्रेमची असणार असंही मनात येतं. काचेसकट एवढी चित्रं तलावापर्यंत न्यायची म्हणजे टेम्पो लागला असता.

बाकीची तयारी काय, सगळ्यांचीच सारखी. शाहू स्मारकच्या कलादालनाची तारीख, व्हॉट्सॲपवरचं निमंत्रण, उद्घाटनाला पाहुणे, समईसाठी तेल-वात आणि कुणीच न आणलेली काडेपेटी. किमतींची यादी शेवटच्या रात्री होते. "एवढ्यात फ्रीज येतो," असं म्हणणारा नातेवाईक प्रत्येक चित्रकाराला असतो. पहिल्या दिवशी दालन रिकामं वाटू नये म्हणून एका चित्राला आपणच 'खपलं'ची लाल टिकली लावून ठेवायची, ही युक्ती मला एका ज्येष्ठांनी शिकवली. लावावी की न लावावी, हे मी सांगणार नाही.

उरलेली चित्रं परत येतात आणि दिवाणाखाली जातात. पुढच्या वर्षी फ्रेम उसवून त्यात नवं चित्र बसतं. आमचे कागद पंधरा-बावीसचे का असतात, याचं एक कारण हेही. जुनं बाहेर निघतं आणि काच नाही म्हटल्यावर मी लगेच त्याच्या सावलीला लागते. न खपण्यात तेवढी सोय आहे.

खपलेल्यांचं काय करायचं? माझं एक भाताच्या खाचरांचं चित्र दातांच्या दवाखान्यात लागलंय. मध्यंतरी दाढ दुखली म्हणून गेले, तर नेमकी त्याच्यासमोरची खुर्ची मिळाली. उजवीकडचा हिरवा जड झालाय. अल्ट्रामरीन निळ्यातून केलेला असता तर ओल्या ब्रशनं थोडा उचलता तरी आला असता. हा थॅलो नावाचा रंग, कागदात पक्का मुरलेला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "छान आहे ना? गार वाटतं बघून." मी गालाला रुमाल धरून हो म्हटलं. तेवढ्यात माझा नंबर लागला.