निकेल ते निकेलच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न एमएस्सीची मुलं विचारतात आणि आमचे मेहुणेही विचारतात. मेहुण्यांचे शब्द जास्त रोखठोक: "निकेल ते निकेलच. पातळ केलं म्हणून त्याचं चुंबकत्व का जाईल?"

पत्र्यापुरतं त्यांचं खरं आहे. पत्रा लाटून कागदाएवढा केलात तरी निकेलचं चुंबकत्व जातं ते सुमारे ३५५ अंश सेल्सिअसलाच. हे त्याचं क्युरी तापमान. मिठाईवरचा वर्खसुद्धा शेकडो अणू जाड असतो. आमच्या हिशेबात तो जाडजूडच.

गंमत सुरू होते दहाएक थरांच्या खाली; थर म्हणजे एका अणूच्या जाडीचा. तांब्याच्या स्फटिकावर बसवलेला निकेलचा एक थर साधारण ०.१८ नॅनोमीटर जाड. पाच थर मिळूनही एक नॅनोमीटर भरत नाही. थर तीनवर आले की क्युरी तापमान खोलीच्या तापमानाच्याही बरंच खाली घसरतं. मग सॅम्पल थंड केल्याशिवाय चुंबकत्व दिसतच नाही.

कारण शेजार. अणूंचे इवले चुंबक एका दिशेत राहतात ते शेजाऱ्यांच्या आधाराने. निकेलच्या पोटातल्या अणूला १२ शेजारी असतात, स्फटिकाच्या चौकोनी रचनेच्या पृष्ठभागावरच्याला ८. दिंडीत मधल्या टाळकऱ्याला चहूकडून ठेका ऐकू येतो, कडेच्याला एकाच बाजूने; गलका वाढला की आधी कडेचा चुकतो. उष्णता म्हणजे तो गलका. आणि तीन थरांच्या दिंडीत दोन रांगा कडेच्याच! खाली तांब्याचे अणू आहेत, पण त्यांच्या हातात टाळ नाहीत.

चुंबकत्व जाण्याची तऱ्हाही बदलते. बर्लिनमध्ये टंगस्टनवरच्या निकेलवर हे मोजलं गेलं, १९९२ साली. जाड थरात क्युरी तापमान जवळ येईल तसं चुंबकत्व उतरत जातं. पातळ थरात ते बराच वेळ तग धरतं आणि शेवटी कड्यावरून कोसळल्यासारखं जातं. हा बदल पाच ते सात थरांच्या दरम्यान होतो. त्याहून जाड असेल तर ती वस्तू त्रिमितीतली, त्याहून पातळ असेल तर जवळजवळ द्विमितीतली. दोनेक थरांच्या फरकाने मिती बदलते, हे मला अजूनही पचलेलं नाही.

मोजायचं कसं? पृष्ठभागावर लेझर टाकायचा. चुंबकित धातूवरून परतताना प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा (त्याच्या लहरी ज्या दिशेत हेलकावतात ती) अंशाच्या हजारांश भागांत फिरते, तेवढी पकडायची. माझं पहिलं सॅम्पल चार थरांचं. ते मी ऐटीत निर्वात कक्षातून बाहेर काढून दुसऱ्या खोलीत मोजायला नेलं. लूपच येईना, म्हणजे चुंबकत्वाची खूण असलेला वेटोळ्यासारखा आलेख. दोन दिवस आरसे जुळवत बसलो. दोष आरशांचा नव्हता. हवा लागून निकेलचं ऑक्साइड झालं होतं. चारातले दोन-तीन थर हवेला दिल्यावर मोजायला राहतं काय? तेव्हापासून थर बसवायचा आणि मोजायचा तो त्याच निर्वात कक्षात.

आता मेहुण्यांना न सांगितलेली गोष्ट. तांब्यावरचा निकेल सातेक थरांपर्यंत आडवा (थराच्या पातळीत) चुंबकित होतो, त्यानंतर उभा (पृष्ठभागाला काटकोनात). सहसा उलट असतं: पातळ थर उभा, जाड थर आडवा. इथे तांब्याच्या अणूंची जाळी निकेलपेक्षा अडीच टक्क्यांनी मोठी, म्हणून निकेल आडवा ताणला जातो आणि तो ताण चुंबकत्वाला उभं करतो. आणखी जाड करत गेलं की ताण सुटतो आणि निकेल पुन्हा आडवा होतो.