कर्णाचं इंग्रजी नाव

डिसेंबरात इंग्लंडमधल्या लेस्टरला सव्वाआठच्या सुमारास उजाडतं. शाळेचं फाटक त्याआधीच उघडलेलं असतं. ओले कोट अंगावर घेऊन मुलं आत येतात. काहींनी घरी काहीच खाल्लेलं नसतं, त्यांच्यासाठी खालच्या हॉलमध्ये टोस्ट आणि दूध ठेवतात. साडेआठला माझी हजेरी. इयर एटची, म्हणजे आपल्या सातवी-आठवीच्या वयाची 28 मुलं. विषय कुठलाही असो, इथं हायस्कूलच्या बहुतेक शिक्षकांकडं एक वर्ग ‘आपला’ म्हणून दिलेला असतो. मी गणित शिकवते, खरं सकाळची ती वीस मिनिटं गणिताची नसतात. मुलं बघायची असतात. कोण गप्प आहे, कुणाचा शर्ट तीन दिवस तोच आहे, रोज दंगा करणारा आज बाकावर डोकं ठेवून का बसलाय.

आपल्याकडं ‘हजर बाई’ म्हटलं की काम संपलं. वहीत टिक, पुढचं नाव. इथं दिवसातून दोनदा हजेरी घ्यायची असा कायदाच आहे, सकाळी एकदा आणि दुपारच्या सत्रात एकदा. मूल आलं नाही आणि घरून निरोपही नाही, तर सकाळीच ऑफिसातून फोन जातो. वर्षाला शाळा 190 दिवस भरते. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे साधारण 19 दिवस बुडाले की त्या मुलाचं नाव वेगळ्या यादीत जातं आणि कुणीतरी त्याच्या घरच्यांशी बसून बोलतं. ‘का बुडवलंस’ म्हणून दरडावायला नव्हे. मुलाच्या मनात काही खुपत असेल तर ते तोंडातून येण्याआधी हजेरीत उमटतं, हे इथं मला पहिल्या दोन वर्षांतच कळलं.

एवढं सगळं असूनही इथं सगळं आलबेल आहे असं समजू नका. कोविडच्या आधी, 2018-19 मध्ये, इंग्लंडच्या शाळांत दहावा हिस्सा किंवा जास्त शाळा बुडवणारी मुलं 11 टक्क्यांच्या आसपास होती. 2021-22 मध्ये ती 22 टक्क्यांच्या पुढे गेली. घरात कोंडून राहिलेली मुलं परत वर्गात बसायलाच तयार नव्हती. सरकारी मानसोपचार सेवेकडं नाव पाठवलं तर कित्येक महिने थांबावं लागतं, आणि तोवर ते मूल रोज सकाळी माझ्यासमोरच बसलेलं असतं. डॉक्टर मी नाही. ‘आलास, बरं वाटलं’ एवढं मी म्हणू शकते, आणि ते रोज म्हणते.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात रुमानियाहून आलेला एक मुलगा होता. सप्टेंबर ते नोव्हेंबर एक शब्द नाही. विचारलं की मान हलवायचा. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, रस नाही त्याला. एकदा त्याची वही तपासायला घेतली, तर पानभर गणितं चूक दिलेली. मी परत बघितलं. दशांशाच्या जागी त्यानं टिंब न देता स्वल्पविराम दिला होता. त्यांच्या देशात 0.5 हे 0,5 असंच लिहितात. बारापैकी अकरा उत्तरं बरोबर होती. पेन घेतलं, अकरा फुल्यांवर रेघ मारली आणि खाली 11 लिहिलं. वही हातात दिली तेव्हा तो बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिला.

त्याच्या गप्प राहण्याची मला ओळख होती. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या बाजूच्या गावातून मी दहावीपर्यंत मराठीतून शिकले. एसएसएलसीला, म्हणजे तिथल्या दहावीच्या परीक्षेला, 625 पैकी पहिल्या भाषेला 125 मार्क असायचे, आमची पहिली भाषा मराठी. गणितात मी वर्गात पहिली. मग पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्सला बेळगावच्या एका कॉलेजात. पहाटेची बस, धुकं, हातात डबा. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि ‘हायपोटेन्यूज’ म्हणाले. ते काय आहे मला ठाऊक नव्हतं. कर्ण म्हटलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं. लसावि, मसावि, छेद, अंश, वर्गमूळ, सगळं येत होतं, फक्त दुसऱ्या नावानं. त्यांनी मला उभं केलं, मी खाली बघितलं, मागून कुणीतरी हसलं. त्यानंतर दोन वर्षं वर्गात मी तोंड उघडलं नाही. कुणी विचारलंही नाही. त्या कॉलेजच्या लेखी मी ‘शांत मुलगी’ होते.

याउलट हायस्कूलमधल्या आमच्या बाई. त्यांच्या डब्यात नेहमी दोन भाकऱ्या जास्त असायच्या. आमच्या वेळी हायस्कूलला अक्षर दासोहाचं, म्हणजे सरकारी योजनेतलं दुपारचं जेवण नव्हतं आणि पावसाळ्यात रोप लावणीच्या दिवसांत घरी चूल उशिरा पेटायची. कोण उपाशी आलंय हे त्या चेहऱ्यावरून ओळखायच्या आणि बाकीच्यांना कळणार नाही अशा बेतानं खाऊ घालायच्या. कुणाचा बाप दारू पितो, कुणाचं लग्न ठरवताहेत, सगळं त्यांना माहीत. दोन मुलींची लग्नं त्यांनी घरी जाऊन थांबवली, हे मला फार नंतर कळलं. पुढं त्यांची बदली झाली. त्यांच्याबरोबर त्या भाकऱ्या गेल्या आणि ते बघणंही गेलं, कारण ते शाळेचं काम नव्हतं, बाईंचं होतं.

म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. बाईंसारखी माणसं खानापूर, निपाणी, बेळगाव भागातल्या शाळांत आजही आहेत, पटसंख्या घटलेल्या मराठी शाळांत तर हमखास आहेत. इंग्लंडमध्ये माणसं आपल्यापेक्षा जास्त मायाळू आहेत असं अजिबात नाही. फक्त इथं ती माया वेळापत्रकात घातली आहे. माझी बदली झाली तर साडेआठला त्या 28 मुलांसमोर दुसरं कुणीतरी उभं राहणार, आणि कुठल्या मुलाकडं लक्ष द्यायचं ते त्या माणसाला लिहून दिलेलं असणार.

आणखी एक गोष्ट शिकायला मला त्रास झाला. मूल जवळ येतं आणि म्हणतं, ‘मिस, कुणाला सांगू नका.’ आपण गावाकडची माणसं लगेच म्हणतो, नाही गं सांगणार, शपथ. इथं ते वचन द्यायला परवानगी नाही. ‘तुला धोका असेल तर मला सांगावं लागेल, पण कुणाला सांगणार ते तुला आधी सांगेन,’ असं म्हणायचं. मग जे कळलं ते मुलाच्याच शब्दांत लिहून काढायचं आणि त्याच दिवशी, शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्या वरिष्ठ शिक्षकावर आहे त्याच्याकडं द्यायचं. सुरुवातीला मला हे कोरडं वाटलं. आता वाटतं, एकटीनं गुपित पोटात ठेवण्यापेक्षा हे बरं. आपल्याकडंही 2012 च्या पॉक्सो कायद्यानं लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी कळवणं बंधनकारक केलंय. 1098 हा मुलांसाठीचा फोन आहे, आणि मनाचं काही असेल तर टेलिमानसचा 14416, चोवीस तास आणि फुकट, भाषा निवडता येते. हे दोन आकडे प्रत्येक हायस्कूलमध्ये मुतारीकडं जाणाऱ्या भिंतीवर रंगवून घ्या. ऑफिसात लावू नका, तिथं ते मुलांना दिसत नाहीत.

दिवाळीच्या सुमाराला बहिणीचा फोन आला. भाची नववीला. ‘शाळेला जातो म्हणती, खरं सकाळी पोटात दुखतंय म्हणून परत निजती. डॉक्टरकडं नेलो, काय न्हाई म्हणाले.’ मी विचारलं, कुठल्या वारी? बहीण म्हणाली, वार कोण बघतंय. म्हटलं, कॅलेंडर काढ आणि खुणा कर. पंधरा दिवसांनी तिनं फोटो पाठवला. मंगळवार आणि शुक्रवार, बाकी एकही नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी कन्नडचा तास, उभं राहून वाचायचा.

बहीण घाबरत शाळेत गेली. रागावतील असं तिला वाटत होतं. कन्नडच्या मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मुलीला सगळ्यांसमोर वाचायचं सहा आठवडे बंद केलं आणि दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं एकटीला जवळ बसवून वाचून घेऊ लागल्या. स्वतः कन्नड घरातल्या, मराठी त्यांना तुटकं येतं. तिच्याकडून त्या मराठी शब्द विचारून घेतात म्हणे. शाळेच्या एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांचा सहभाग असलेल्या शाळा समितीच्या बैठकीत बहिणीनं ते कॅलेंडर सगळ्यांना दाखवलं. आता तिथले दोन शिक्षक बुडालेल्या दिवसांचे वार लिहून ठेवू लागलेत.

इथं उन्हाळ्याची सुट्टी जुलैत लागते, तेव्हा आपल्याकडं शाळा चालू असतात आणि जांबोटीकडं धो धो पाऊस. यंदा येतो म्हणून सांगितलंय. दहावीच्या मुलांसाठी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शब्दांची एक वही करते आहे, डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्रजी, दोन्ही देवनागरीत. आतापर्यंत 140 शब्द झाले. पहिली ओळ कर्णाची आहे.

रविवारी भाचीनं आवाज पाठवला. कन्नड पाठातला एक परिच्छेद. तीनदा अडखळली, एकदा परत मागं जाऊन तेच वाक्य वाचलं, आणि शेवटपर्यंत गेली. मग थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज, आणि मग, ‘मावशी, आता तू वाचून पाठव.’