कार्ड गेलं का, दादा?

“दादा, फोटो अर्धाच दिसतोय, खाली सगळं करडं. कार्ड गेलं का?” लग्नसराईत हा फोन ठरलेला. माझ्या स्टुडिओत एकदा हेच झालं होतं आणि ते मी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत सुटलो, त्याची ही फळं. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड गेलेलं असू शकतं. पण आधी तेच कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि तोच फोटो उघडा. तिथे धड दिसला तर कार्डाला शिव्या घालणं थांबवा. माझा धड दिसला होता.

माझ्या मशीनमध्ये 8 जीबीची एक रॅम (काम चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी पट्टी) होती, 2400 स्पीडची. व्हिडिओ एडिटिंगला अडखळायची म्हणून 8 जीबीची आणखी एक आणली, 3200 ची. खाचेत बसली, मशीन सुरू झालं. मग हौस म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू केलं. एक्सएमपी म्हणजे रॅमवर कंपनीनेच लिहून ठेवलेली जादा वेगाची सेटिंग. विंडोज पळायला लागलं, मी खूश.

तीन आठवड्यांनी हळदीच्या फोटोत नवरीच्या खांद्याखालचं सगळं करडं. दुसऱ्या फोटोत कपाळापासून खाली गुलाबी छटा. लॅबला पाठवलेली झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतली माहिती जुळत नाही अशी तक्रार. दुरुस्तीवाला म्हणाला, व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. मारला. (आपल्याकडे सर्दीला जशी एकच गोळी, तसा कॉम्प्युटरला फॉरमॅट.) दोन दिवस सगळं परत भरण्यात गेले आणि फोटो पुन्हा बिघडायला लागले.

कार्डावरून हार्ड डिस्कवर जाणारी प्रत्येक गोष्ट रॅममधून जाते. तिथे एका बिटाचं, म्हणजे माहितीच्या सगळ्यात छोट्या कणाचं, शून्याचं एक झालं, तरी डिस्क बिचारी जे हातात येईल ते इमानदारीत लिहून ठेवते. तक्रार कुणीच करत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरांना जे आकडे देतो त्यात, ‘म’ आणि ‘य’ यांच्यात फक्त एका बिटाचा फरक आहे. तो उलटला की पत्रिकेतला ‘मामा’ ‘यामा’ होतो. मजकुरात ते डोळ्याला दिसतं, एक अक्षर बदललं की संपलं. जेपेगचं, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलचं, तसं नाही. त्यात माहिती घट्ट दाबून भरलेली असते आणि प्रत्येक चौकटीचा सरासरी रंग आधीच्या चौकटीपेक्षा किती वेगळा, हा फरक नोंदलेला असतो. मध्ये एक बिट चुकला की पुढचा हिशोबच घसरतो. फोटो एका रेषेपासून खालीच का बिघडतो, ते यामुळे.

मला पटलं ते हॅशवरून. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा: फाइल तीच, तर ठसा तोच. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा वापरून एसएचए-256 नावाचा हॅश काढता येतो, 64 अंक-अक्षरांची एक ओळ येते. मी 22 जीबीचा एक व्हिडिओ घेतला आणि लागोपाठ दोनदा हॅश काढला. दोन वेगळ्या ओळी आल्या! मधल्या वेळात फाइलला कुणी हातही लावला नव्हता. फाइल रॅमपेक्षा मोठीच घ्या. लहान असली तर विंडोज दुसऱ्या वेळी रॅममधलीच प्रत वाचतं आणि चुकीचं उत्तर दोनदा सारखं देतं.

मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, रात्रभर चालवला. सकाळी स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळींची रांग. एकेक रॅम वेगळी लावून तपासली, तर दोघींच्याही चुका शून्य. दोघी निर्दोष, एकत्र संसार मात्र जमेना. नवीचा वेग एक्सएमपीने जुनीवरही लादला होता. ते बंद केल्यावर दोघी 2400 वर चालल्या आणि रात्रभरात एकही चूक नाही. तरी विश्वास उडाला तो उडालाच. पुढे एकाच पाकिटातली जोडी घेतली.

खरा फटका बॅकअपचा बसला. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर कॉपी व्हायची, तीही त्याच रॅममधून. दोन कार्डं मी तोवर रिकामी करून पुढच्या लग्नाला वापरली होती. 41 फोटो गेले. नवरीच्या आईला घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा दिला, पण बोलल्या नाहीत.

म्हणून फोटो बिघडलेला दिसला की त्या मशीनवर कॉपी, बॅकअप, चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) काहीही चालवू नका. बिघडलेल्या रॅमवर चेकडिस्कची दुरुस्ती म्हणजे चष्मा नसताना सुईत दोरा. आधी मेमटेस्ट. रॅम स्वच्छ निघाली, तर डिस्क कशात बसवलीय ते बघा. जुन्या यूएसबी केसमध्ये (डिस्क घालून बाहेरून जोडायचा डबा) 4 टीबीची डिस्क घातली असेल, तर काही केसना 2 टीबीच्या पुढचं मोजताच येत नाही. आकडा फिरून पुन्हा शून्यावर येतो आणि नवे फोटो डिस्कच्या सुरुवातीवरच लिहिले जातात.

आणि फोन करण्याआधी, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत मशीनमध्ये नवं काय घातलं ते आठवून ठेवा. मी पहिलं तेच विचारणार आहे.