शोभेची मिरची

"शोभेची आहे ना, मग विषारीच असणार," असं ठामपणे म्हणत मैत्रिणीने माझ्या हातातली जांभळी मिरची काढून घेतली.

एकाच झाडावर जांभळ्या, पिवळट, केशरी, लाल अशा सगळ्या वयाच्या मिरच्या, आभाळाकडे तोंड करून उभ्या. मी दुसरी तोडून उभी चिरली. आत पोकळ, पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या चपट्या बिया आणि तोच ओळखीचा वास. मिरचीच ही! बहुतेक शोभेच्या मिरच्या कॅप्सिकम ॲनम, म्हणजे ढोबळी मिरचीच्याच जातीतल्या. विषारी नाहीत. चव मात्र यथातथाच, कारण निवड रंगासाठी झालेली असते.

पण तिची भीती अगदीच पोकळ नव्हती. सोलॅनम स्यूडोकॅप्सिकम नावाचं झुडूपही असंच कुंडीत मिळतं. गोल, गुळगुळीत, केशरी-लाल फळं, पांढरी फुलं. लांबून गोल मिरचीच वाटावी. ते विषारी. फळ कापलं की टोमॅटोसारखा गर दिसतो, मिरचीची पोकळी नाही. (चाखून ओळखायच्या भानगडीत कृपया पडू नका.)

आणि खऱ्या मिरचीचंही एक आहेच. शोभेचं झाड म्हणून वाढवताना खाण्याच्या पिकावर चालत नाहीत अशी औषधं फवारलेली असू शकतात. त्यामुळे विकत आणलेल्या झाडाची फळं नकोच. बी पेरून घरी वाढवलं तर खुशाल खा.

मला खटकतं ते वेगळंच. कुंडीवरच्या चिठ्ठीत ऊन किती, पाणी किती, सगळं असतं. खायचं की नाही, एवढी एक ओळ लिहायला काय जातं?