साचेखात्यातलो आवाज

बाबांनी हात वर केला तेव्हा मला वाटलं, बंद कर म्हणतायत. आषाढातला रविवार होता. काळाचौकीवर सकाळपासून पाऊस कोसळत होता, खिडक्या बंद होत्या, आणि दिवाणासमोरच्या टेबलावर माझे दोन मॉनिटर स्पीकर मांडून मी ‘बायबल ऑफ ड्रीम्स’ हा अल्बम लावला होता. पहिला ट्रॅक संपून ‘काँगा फ्यूरी’चे ढोल सुटले होते. बाबा डोळे मिटून हाताचा पंजा हवेत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत होते. मग म्हणाले, “ह्यो तर साचेखात्यातलो आवाज गो बाय.” साचेखातं म्हणजे कापडगिरणीतला मागांचा विभाग, साचे म्हणजे माग.

हा अल्बम मी वीस वर्षांहून जास्त काळ ऐकतेय आणि इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल दोनच मतं कानावर आली. ट्रान्स, म्हणजे ठोक्यावर चालणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, ऐकणारे मित्र म्हणायचे, हा ट्रान्स राहिलाच नाही. बाकीचे म्हणायचे, डोकं उठतं. दोन्ही मतांचा मला राग येत असे, कारण दोन्ही वेळा माणसं तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला निकाल देऊन मोकळी झालेली असायची. म्हणून यंदा ठरवलं, ज्यांना सायट्रान्स (हा ट्रान्सचाच एक प्रकार) हा शब्दही माहीत नाही त्यांना हा अल्बम ऐकवायचा. काहीही न सांगता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुनो रिअ‍ॅक्टर या नावाने ब्रिटनमधला बेन वॅटकिन्स हा संगीतकार काम करतो, दर वेळी वेगळी माणसं सोबत घेऊन. २००३ च्या ‘मॅट्रिक्स रिलोडेड’मधल्या हायवेवरच्या पाठलागाचं संगीत ज्यांना आठवत असेल, त्यांनी त्याचं काम ऐकलेलं आहे. त्याचा १९९५ चा अल्बम गोवा ट्रान्सवाल्यांनी, म्हणजे गोव्याच्या पार्ट्यांतला ट्रान्स ऐकणाऱ्यांनी, डोक्यावर घेतला होता. त्यानंतर १९९७ मध्ये ‘बायबल ऑफ ड्रीम्स’ आला. आठ ट्रॅक, तासाभराच्या वर. यात वेग चढतो, उतरतो, मध्येच दाट काळोखात जाऊन बसतो. ‘काँगा फ्यूरी’त दक्षिण आफ्रिकेच्या आमाम्पोन्डो या तालवाद्यांच्या संघाचे ढोल आणि गळे आहेत. एका ट्रॅकचं नाव ‘कागुया हिमे’ आहे. जपानी लोककथेत बांबूच्या पेरात सापडलेली आणि शेवटी चंद्रावर परत गेलेली ती मुलगी. नाचायला आलेल्याला हे सगळं अडचणीचं वाटणार, हे मला कळतं. पण मी हा अल्बम पहिल्यांदा नाचत ऐकलाच नाही. २००४ साली अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत शिकाऊ म्हणून लागले होते. रात्रपाळी करून शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडायची, दादरला उतरून लाइन बदलायची. फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेली सीडी, डिस्कमॅन, बायकांच्या डब्यात एक पोलीस आणि मी. त्या संगीतातल्या काळोखाची मला भीती वाटली नाही. उलट कोणीतरी सोबत चालल्यासारखं वाटायचं.

तर बाबा.

बाबा एकोणिसाव्या वर्षी बदली कामगार म्हणून गिरणीत लागले आणि पंधरा वर्षं त्यांनी साचे चालवले. साचेखात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो, हे मी नंतर कामामुळे शिकले. तिथे कोणी कोणाशी बोलायचं नाही, ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून चालायचं. आजही बाबा समोरच्याच्या तोंडाकडे बघत ऐकतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या कानांची तपासणी केली तेव्हा आलेखात चार हजार हर्ट्झपाशी खोल खड्डा होता. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या कानांचा आलेख असाच दिसतो. स, श, च हे आवाज त्यांना नीट लागत नाहीत. घरातली बेल लागत नाही.

म्हणजे त्या रविवारी बाबा जो अल्बम ऐकत होते तो माझा नव्हता. मला त्यात वर चमचमणारे, करवतीसारखे चिरत जाणारे सिंथेसायझरचे आवाज ऐकू येतात, त्यांच्यासाठी ते बहुतेक नव्हतेच. त्यांना खालचं ऐकू येत होतं, ढोल, बेस, आणि त्यांचा घट्ट, न थांबणारा वेग. माझ्यासाठी खालचा तो ठोका म्हणजे नुसती जमीन होती, गोष्ट वर चाललेली. बाबांसाठी तीच सगळी गोष्ट होती. साधा साचा मिनिटाला दोनशेच्या आसपास धोटे टाकतो, म्हणजे तितक्या वेळा आडवं सूत फेकतो, आणि असे शेकडो साचे एका छपराखाली. प्रत्येक जण आपल्या लयीत, थोडा पुढे, थोडा मागे. बाबा म्हणाले, साच्यात काही बिघडलं तर ते आधी पायाला कळायचं, जमिनीतून. आणि खरंच, त्यांनी चपला काढून तळवे फरशीला टेकवले होते.

मग ट्रॅकच्या मध्ये ठोका थांबला. या संगीतात तसं होतंच. सगळे ढोल काढून घेतात, एखादा लांब सूर तरंगत राहतो, ऐकणारा टांगलेला असतो आणि मग ठोका परत येतो. पार्टीत याच जागेवर लोक हात वर करून ओरडतात. माझ्या बाबांनी डोळे उघडले आणि चेहरा पडला. “बंद कित्याक पडलो?”

मी म्हटलं, बाबा, येईल परत. त्यांनी ऐकलं नाही, किंवा माझ्या ओठांकडे पाहिलं नाही. ठोका परत आला तरी ते पुढची पाच मिनिटं खिडकीकडेच बघत होते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं होती. पहिल्या काही दिवसांत लालबाग-परळमध्ये सगळ्यात चमत्कारिक काय वाटलं, तर शांतता, असं बाबा नेहमी सांगतात. भोंगा नाही, जमिनीतली थरथर नाही. रात्री झोप लागेना. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण ते गोष्ट म्हणून ऐकलं होतं. त्या रविवारी पहिल्यांदा कळलं, की माणसाला अंधार कशात ऐकू येईल ते सांगता येत नाही. मी वीस वर्षं समजत होते, काळोख त्या बेसमध्ये आहे, त्या गुरगुरण्यात आहे. बाबांना तिथे काहीच काळं वाटलं नाही. तिथे त्यांची पाळी चालू होती, पगार चालू होता, शेजारच्या साच्यावर त्यांचा दोस्त उभा होता. ठोका थांबला तिथे काळोख झाला.

आणि त्याच १९८२ मध्ये, याच शहरात, चरणजित सिंग हे हिंदी सिनेमासाठी गिटार वाजवणारे वादक रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या बेस आणि तालाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग बसवत होते. टीबी-३०३ हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. बाजारात ते चाललं नाही, दोन-तीन वर्षांत बंद झालं. पुढे याच यंत्राच्या चिरक्या आवाजावर अॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहिला आणि गोवा ट्रान्सनेही तोच आवाज उचलला. चरणजित सिंगांची ती रेकॉर्ड तेव्हा कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक थक्क झाले. २०१५ मध्ये ते गेले. मुंबईतले साचे थांबले त्या वर्षी मुंबईतच कोणीतरी यंत्राला न थांबणारा ठोका शिकवत होतं, हे मनात आलं की मला अजून काटा येतो. बाबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “कायमची नोकरी होती त्याका?”

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे बुवा वर आले. आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाचे बुवा, मूळचे सावंतवाडीकडचे. मला वाटलं, आवाजाबद्दल बोलायला आले असतील. त्यांनी विचारलं, “काल पखवाज कोण वाजवत होतं? पोरं चांगली बसलीयत.” मी त्यांना खुर्ची दिली आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

बुवांइतकं नीट हा अल्बम माझ्यासमोर आजवर कोणीच ऐकलेला नाही. मांडीवर बोटं चालू, मान स्थिर. ‘काँगा फ्यूरी’ संपता संपता म्हणाले, “हा गजर आहे.” कोकणातल्या भजनात गजर चढत जातो. तीच ओळ, तेच शब्द, लय वाढत वाढत जाते आणि म्हणणाऱ्याला शब्दांचा अर्थ उरत नाही, फक्त चढण उरते. “पण एक सांगतो. आम्ही एवढं चढवलं की समेवर आणून ठेवतो, माणूस मोकळा होतो. हे मोकळं करत नाहीत. सम दाखवतात आणि परत उचलून नेतात.”

मला इतकी वर्षं जे सांगता आलं नव्हतं ते हेच. या प्रकारात एका मात्रेचे चार भाग धरतात. पहिल्यावर किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका, उरलेल्या तिन्हींवर बेस, हे सर्रास. त्यामुळे घोडा टापा टाकत सुटल्यासारखं वाटतं आणि दर मात्रेला सम आल्याचा भास होतो. पण सुटका म्हणून ती कधी येतच नाही. बुवांनी याला ‘हाव’ हा शब्द वापरला. त्यांना तो वाईट अर्थाने म्हणायचा नव्हता.

मग त्यांनी खालून पेटी मागवली. या जातीच्या संगीतात षड्जाला खेटून कोमल रिषभ सतत घासत असतो, आणि पुष्कळदा स्वर लागतात ते असे: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. मी ते गुणगुणून दाखवले. बुवांनी दोनदा वाजवून पाहिले आणि म्हणाले, “बसंत मुखारी. खाली भैरव, वर भैरवी.” थोडं थांबून पुढे, “हे तुम्ही भर दुपारी लावता?” त्यांना ते खरोखर खटकलं होतं. आणि त्यात तथ्य आहे. गोव्यातल्या हणजुण्याच्या पार्ट्यांमध्ये रात्री काळं, उग्र वाजवायचं आणि उजाडायला लागलं की सूर मोकळे, गोड करायचे, अशी रीतच होती. २०२३ मध्ये वारलेले डीजे गोवा गिल चोवीस-चोवीस तास सलग वाजवायचे, त्यामागेही रात्रीतून सकाळीकडे नेण्याचीच कल्पना होती. आपल्याकडे प्रहरांचा जो हिशोब आहे त्याच्याशी त्यांची गाठ पडली की ते वेगळ्याच वाटेने तिथे पोचले, मला सांगता येणार नाही. पण बुवांना तो प्रश्न पडलाच नाही. सकाळची वस्तू सकाळी, संपला विषय.

भाचा शेवटी ऐकायला आला आणि त्याच्याशी माझं भांडण झालं. तो एकोणीस वर्षांचा, डार्कसाय हा सायट्रान्सचा काळा, वेगवान प्रकार ऐकतो, मिनिटाला दीडशेच्या वर ठोके असल्याशिवाय त्याला चालत नाही. सोबत कॉलेजातले दोघं मित्र आणि एक मैत्रीण. वेग उतरला तशी त्याची बोटं फोनकडे जायला लागली. म्हणाला, “आत्या, यांना ठरवता आलं नाहीये काय करायचंय. ट्रान्स करायचा तर करा ना.”

मी त्याला सांगितलं, साचेखात्यातही एकच आवाज नसतो, बाबांना विचार. सांगितलं आणि लगेच कळलं, की हे उत्तर झालं नाही. तो जे मागत होता तेही खरं होतं. त्याला रात्रभर न थांबणारी एकच वाट हवी आहे, जिच्यावर विचार करावा लागत नाही. तिसऱ्या वर्षाची परीक्षा, वडिलांचं आजारपण, रोज सकाळची लोकल. त्याला थांबा नकोच आहे. पण मला हे मान्य नाही की थांबा म्हणजे फसवणूक. मी दोन्ही गोष्टी त्याला बोलून दाखवल्या. तो गप्प बसला, पण फोन खिशात टाकला.

एक मित्र निघून गेला. दुसरा झोपला. मैत्रीण मात्र शेवटपर्यंत खाली मान घालून बसली होती. संपल्यावर तिने मला ट्रॅकची नावं लिहून मागितली आणि म्हणाली, “सहावा संपल्यावर सातवा सुरू होतो ना, तेव्हा मला रडू आलं. सातवा एकटा लावला तर येणार नाही.” फिजिओथेरपी शिकते ती. या अल्बमबद्दल इतकं अचूक बोललेलं मी वाचलेलंही नाही. वहिनी स्वयंपाकघरात होती. कणीक मळून कधीच झाली होती, तरी ती ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. काही बोलली नाही.

परवा रात्री साडेदहाला मी स्पीकर परत न्यायला म्हणून वायरी गुंडाळत होते. बाबा दिवाणावरून म्हणाले, “ता साचेखात्यातला लाव बघू एकदा.” आवाज अगदी कमी ठेवला, रात्र झाली होती. त्यांना तेवढ्याने काय ऐकू येणार म्हणून एक स्पीकर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन्ही तळहात त्यावर टेकवले. ढोल सुटले. पंजे तसेच राहिले, फक्त बोटं हलायला लागली. मग ती जागा आली, ठोका थांबला. मी त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी हात काढला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, “येतलो.”