तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिकारशक्ती वाढवायला मी काय घेते?

मला आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेता?’ काहीच नाही. उलट ती आवरायची गोळी घेते. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा.

विचारणारा जरा चमकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे मोबाइलची बॅटरी, उतरली की भरायची, असंच आपण धरून चालतो. पण तिचं खरं अवघड काम आहे आपलं-परकं ओळखण्याचं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, तिथे पारखल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक तिथेच मरतात; आपल्याच शरीरावर उठू शकतील अशा पेशींना बाहेर सोडलं जात नाही. तरी काही निसटतातच. त्यांना बाहेर आवरणाऱ्या नियामक टी पेशी वेगळ्या असतात. शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवून दिल्या आणि २०२५चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं.

माझ्यात हा आवर सुटला आणि सांध्यांच्या अस्तरावर हल्ला सुरू झाला. डब्यावर छापल्याप्रमाणे एखाद्या भुकटीनं प्रतिकारशक्ती खरोखरच भडकत असेल, तर ती मला सगळ्यात आधी नको.

शक्ती कमी पडणं हा निराळा प्रकार. एचआयव्ही सीडी४ नावाच्या टी पेशी संपवत जातो. त्या घनमिलिमीटरला २००च्या खाली गेल्या की एड्स म्हणतात. पण हे दोन्ही एकाच शरीरात नांदू शकतं. काही जणांमध्ये जन्मजात दोषामुळे प्रतिपिंडं पुरेशी बनत नाहीत, म्हणून सारखे जंतुसंसर्ग होतात. आणि त्यांच्यातल्याच काहींची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या प्लेटलेट्स नष्ट करते. त्यांना काय सांगणार, वाढवा की कमी करा?

मला हे नीट उमगलं ते इंजेक्शनच्या वेळी. गोळी पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी टीएनएफ नावाचं प्रथिन रोखणारं औषध सुचवलं आणि आधी क्षयाची चाचणी करायला सांगितली. सांधे दुखतायत माझे, क्षय कुठून आला? तर टीएनएफ सांध्यात सूज पेटवतं हे खरं, पण फुप्फुसात वर्षानुवर्षं निपचित पडलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती पेशींचा जो वेढा असतो, तो टिकवायलाही तेच लागतं. ते रोखलं की वेढा ढिला पडून जुना क्षय उठू शकतो. माझी बोटं वाकडी करणारं रसायन माझी राखणही करत असतं, हे पचवायला मला वेळ लागला.

म्हणून ताप आला की मी अंगावर काढत नाही, डॉक्टरांना कळवते. जिवंत जंतूंच्या लशी विचारल्याशिवाय घेत नाही. यकृत आणि रक्तपेशींची तपासणी ठरावीक काळानं होते. आणि गोळीचा वार पक्का ठरवलेला आहे, कारण आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. हे मी न विचारताही सांगत असते.

‘मग सुटणार कधी?’ आजार बराच काळ शांत राहिला तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. पूर्ण बंद केल्यावर अनेकांचा आजार परततो. माझी मात्रा अजून उतरलेली नाही.